सुटे

शेवंती गेली मंगळवारी पहाटे,
खताच्या ढिगाशी, पाय आखडून.
डेल होव्हरसन कुंपणावर कोपर टेकून म्हणाला,
फावडं देऊ?
मी नको म्हटलं.
मला कळायला हवं होतं.

आठवडाभर नुसती बसून होती,
पंख सैल,
तुरा उतरलेला, जुन्या राखीच्या गोंड्यासारखा.
गडहिंग्लजहून मामा फोनवर: मानमोडीच. लसूण चारा.
डेल: गारठा. आयोवाच्या एप्रिलचा काही नेम नाही.
नवरा: कोल्ह्याला भ्याली असेल.
मी काहीच म्हणत नव्हते,
ड्रॉपरनं तिच्या चोचीत साखरपाणी सोडत होते.
अर्धं माझ्याच मनगटावरून ओघळायचं.

फ्रीझरमध्ये नको, लॅबवाल्या बाईनं बजावलं,
गोठलं की पेशी फुटतात,
मग काही वाचता येत नाही.
म्हणून ती एक रात्र फ्रिजमध्ये होती,
दोन पिशव्यांत, भाज्यांच्या कप्प्यात,
वर इडलीचं पीठ, शेजारी कोथिंबीर.
रात्री तहान लागली, उठले,
दाराच्या मुठीवर हात ठेवला
आणि नळाचंच पाणी प्यायले.

एम्सपर्यंत दोन तास.
दोन्ही बाजूंना उघडी काळी जमीन, मका अजून पेरायचा होता.
काउंटरवर फॉर्म:
एकूण पक्षी? तीन.
मृत? एक.
कशासाठी पाळला: अंडी, मांस, लळा. एकावर खूण करा.
मी दोनांवर केली.

आधी निरोप आला, बर्ड फ्लू नाही.
मग तीन दिवस काहीच नाही.
मग डॉक्टर क्विल स्वतः बोलली, सावकाश,
माणसाच्या नातलगांशी बोलतात तसं.
कलेजी-पेठ्यातला पेठा असतो ना, खडे दळणारा,
त्यात एक सेंट सापडला.
वरून तांबं, आत जस्त.
तांब्याचा मुलामा खड्यांनी घासून काढला
आणि जस्त थेंबाथेंबानं रक्तात उतरलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात.
इथं तांबडंच झाकण होतं.

नाणं त्यांनी परत पाठवलं,
छोट्या पिशवीत, अहवालाला टाचून.
कडा झिजलेली, चेहरा पुसलेला,
बोटाला खरखरीत.

त्या संध्याकाळी मी अंडी घालायच्या खोक्यातला पेंढा उपसला.
एक सेंट.
आणखी एक.
मग मोजायला बसले, ओल्या जमिनीवरच.
एकोणचाळीस,
खोक्याच्या कडेकडेनं, नीट लावलेले.

शाल्मली सात वर्षांची आहे.
अंड्यामागे एक, ती म्हणाली,
फुकट कसं घ्यायचं?

वाक्य माझंच.
शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हेही माझंच.
आणि किराण्यातून उरलेली चिल्लर
तिच्या मुठीत देणारी,
बाई, खर्च कर हिशेबानं, म्हणून हसणारी,
तीही मीच.

डॉक्टरांना काय सापडलं?
जस्त.
जस्त म्हणजे?
एक धातू असतो.
खूप होतं?
नाही गं. थोडंसंच.
कुठून आलं?
मी म्हटलं, हात धुऊन ये, जेवायला वाढलंय.

डबा मी वरच्या फळीवर ठेवलाय, पिठामागे.
चाळीस सेंट आहेत त्यात,
पैकी एक बाकीच्यांत मिसळत नाही.

आज सकाळी अबोलीनं अंडं दिलं.
शाल्मली दारात उभी,
बुटांना चिखल, अंड्याला पीस चिकटलेलं,
अजून ऊन ऊन,
आणि दुसरा हात माझ्यापुढे पसरलेला:

आई, सुटे आहेत?