परत आलेला माल

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही,
अजून दोन महिन्यांचा पगार यायचाय.

वाघोलीच्या पुढे, दगडखाणीच्या वळणावर आमचं गोडाऊन.
निळा पत्रा, पत्र्यावर हसणारी खार,
तिच्या हातातला अक्रोड उन्हाने पांढरा पडलेला.
मी रिटर्न विभागात. म्हणजे लोकांना जे नकोसं झालं
ते उघडून बघायचं, आणि का नकोसं झालं
ते अकरा कारणांपैकी एकात बसवायचं.
साइज लहान. रंग वेगळा. विचार बदलला.

एकदा चंदेरी सँडल आल्या,
टाचेला हळद, आत अक्षतांचे तीन दाणे.
अख्खं लग्न लागलं होतं त्यांच्यावर,
आणि आता पैसे परत हवे होते.
नाझनीन तांबोळी म्हणाली,
"घाल 'विचार बदलला'मध्ये.
आपल्याला काय, नवरीलाच ठाऊक."

दिवाळीत इथे पाय ठेवायला जागा नसायची.
सुदाम ओव्हाळ एका हाताने टेप ओढायचा, दुसऱ्यात वडापाव.
म्हणायचा, झोपेतही हात तसाच चालतो रे,
बायकोच्या अंगावरची गोधडी
मी रात्रभर ओढतो आणि दाताने तोडायला बघतो.

मग हळूहळू.
आधी चहाचं मशीन गेलं, कुणी काही बोललं नाही.
मग हात धुवायचा साबण.
मग एका मंगळवारी खराडीच्या ऑफिसात दोन माणसं आली
आणि लिफ्टशेजारच्या कुंड्या उचलून टेम्पोत भरू लागली.
झाडंसुद्धा भाड्याची होती
हे तेव्हा कळलं.

इंद्रनील सर (सर म्हणायचं नाही, नुसतं इंद्रनील)
गोडाऊनला आले, खोक्यावर उभे राहिले, म्हणाले,
आपण सगळे एक कुटुंब आहोत.
गेटवरचे फुलसुंदर मामा मागून म्हणाले,
"मग वाटण्या करा की."
हसू आलं सगळ्यांना. सरांनाही आलं, तेच वाईट वाटलं.

पगारासाठी फोन केला तर एचआरची ऋजुता म्हणाली,
आपली विनंती नोंदवली आहे,
पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतील,
सहकार्याबद्दल धन्यवाद.
मी ते वाक्य ओळखलं.
कस्टमर केअरला होतो तेव्हा दिवसाला सत्तर वेळा म्हणायचो,
'कामकाजाचे'च्या आधी श्वास घ्यायचो.
तिनेही तिथेच घेतला.
विचारलं, तुझा झाला का?
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली, "एप्रिलचासुद्धा नाही."

शेवटच्या आठवड्यात जाणारं काहीच नव्हतं,
येणारं मात्र येतच होतं.
रॅक भरले, मग जमीन, मग नाझनीनची खुर्ची,
कारण ती गुरुवारपासून हडपसरला
बहिणीच्या शिवणकामात बसू लागली होती.

त्यातच कऱ्हाडहून एक खोकं.
आत पाच लिटरचा कुकर, न वापरलेला,
आणि वहीच्या पानावर शाईने:
'तुम्ही चुकून दोन पाठवलेत. एक परत करतो आहे.
पैसे एकाचेच दिले होते, तेव्हा काही देऊ नये.
शिट्टी वेगळी गुंडाळली आहे.
— द. गो. पाटसकर'

अकरा कारणं वरून खाली वाचली, खालून वर वाचली.
एकातही बसेना.
कारण निवडल्याशिवाय स्क्रीन पुढे जात नाही,
ती तशीच लुकलुकत राहिली,
आणि सहा वाजता कुणीतरी मेन स्विच पाडला.

चिठ्ठी माझ्याकडे आहे.
गेटवर मामा सगळ्यांच्या पिशव्या चाचपत होते,
सुदामच्या पिशवीपाशी आले
आणि रस्त्यावरच्या डंपरकडे फार वेळ बघत राहिले.

त्याच्या घरी हल्ली वरण लवकर शिजतं म्हणे.
मला काही ठाऊक नाही.