शुभहस्ते

सव्वीस कोनशिला कोरल्या मी सोयरूबाबच्या.
बसथांबा, मासळी बाजार, बालवाडी,
स्मशानातली शेड, तिच्यावरही
‘श्री. सोयरू वायंगणकर यांचे शुभहस्ते’.
तो दुकानात यायचा, ओल्या खाचेतून बोट फिरवायचा,
म्हणायचा, च्यारी, नांव मातशें व्हड कर रे,
म्हातारीला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.
म्हातारी म्हणजे त्याची आई,
जिला वाचता येत नव्हतं.

निकाल लागला तेव्हा डिचोलीच्या बाजारात फटाके फुटले.
फोडणाऱ्यांत निम्मे तेच,
जे चवथीला त्याच्या दारात रांग लावून
नारळ आणि पाच किलो साखर न्यायचे.
सात वर्षं सक्तमजुरी, दंड वेगळा.
डोंगराचे सर्व्हे नंबर बदलून देण्याचे पैसे
काजूबियांच्या पोत्यात, तळाशी.
पोदेर सायकल टेकवून म्हणाला,
कोलवाळच्या तुरुंगात पाव चांगला नसतो म्हणे.
एवढंच. मग भोंपू वाजवत पुढच्या वाड्यावर.

आता पंचायतीचा ठराव आलाय: नाव काढा.
सरपंच नवा, त्याला वाटतं पुसता येतं.
दगडातलं अक्षर पुसलं जात नाही.
भोवतालचा दगडच त्याच्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो.
मग उरते ती बशी.
आडव्या शिलेत पावसाचं पाणी साचतं, कावळे पितात.
एका शिलेचे साडेआठशे सांगितले.
कोरायला एवढे घेत नव्हतास, म्हणाला.
मी पॉलिशचा दगड भिजवत राहिलो.

म्हापशाच्या कोर्टात त्याची वही वाचली.
कोणाकडून किती, कुठल्या कामाचे.
माझ्या थोरल्याची पाणीखात्यातली शिपायाची नोकरी
त्याच वहीत आहे. दोन लाख ऐंशी हजार.
बायकोच्या पाटल्या आणि दगड कापायचं जुनं मशीन.
त्यानं माझ्यासमोर लिहून घेतलं होतं, बॉलपेननं,
आणि नावातला काना विसरला: ‘च्यरी’.
माझा हात शिवशिवला होता दुरुस्त करायला.
वकिलानं तीनच पानं वाचली, आमचं पान पुढचं.
थोरला त्या दिवशी रजा काढून घरी,
अंगणात मोटारसायकल धूत,
एकच चाक, तासभर.

काल बालवाडीपासून सुरुवात केली.
पोरं खिडकीला लटकून बघत होती,
एकीनं विचारलं, आजोबा, मोडलं काय ते?
‘श्री.’ गेलं, ‘सोयरू’ गेलं,
‘वायंगणकर’ला दुपार झाली.
‘यांचे’वर छिन्नी टेकवली तोच सरपंच आला.
तिथून पुढचं राहू दे, म्हणाला,
वर दुसरं बसेल.
कागदावर लिहूनच आणलं होतं त्यानं,
आडनावासकट, कंसात टोपणनाव.
म्हटलं, लांब आहे. बशीत मावायला
अक्षर बारीक करावं लागेल.
तो बराच वेळ
दगडाकडे बघत उभा राहिला.