तिसरी पायरी

चौदा महिने झाले. राइलीबाईंच्या घरासमोर
माझ्या नावाची पाटी उभी आहे.
दर सोमवारी मी ती सरळ करते.
मंगळवारी बोथनियाच्या आखातावरून वारा येतो
आणि तिची पुन्हा समजूत घालतो.

घरात खोट नाही. लाकूड जुनं, पण कीड नाही.
सौना दुरुस्त, धुराड्याचा दाखला ताजा.
तरी लोक येतात, बूट काढतात,
स्वयंपाकघरात उभं राहून छताकडे बघतात
आणि म्हणतात, "कळवतो."
"कळवतो" म्हणजे आमच्या धंद्यात
मोजे घातलेला नकार.
जाताना त्याचा पाय वाजत नाही.

मी सगळे उपाय करून बसले.
तपकिरी भिंती पांढऱ्या केल्या,
मोठं कपाट तिच्या भावाकडे धाडून खोली रुंद केली.
कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली, वास राहिला होता,
तो व्हिनेगरनं तीनदा पुसला.
भिंतीवरचे फोटो उतरवले,
खिळ्यांच्या भोकांत टूथपेस्ट भरली
(हे कुणाला सांगू नका).
गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास
ओव्हनमध्ये वेलदोड्याचे पाव.
जाहिरातीत लिहिलं: उजळ, हवेशीर, समुद्र हाकेवर.
किंमत दोनदा उतरवली.
दुसऱ्या वेळी राइली एवढंच म्हणाली,
"छप्पर ओइवानं स्वतः घातलं होतं,"
आणि मी कॅल्क्युलेटर पर्समध्ये ठेवला.

खरी अडचण राइलीच होती.
ती घर दाखवायची नाही, कबुलीजबाब द्यायची.
ह्या खिडकीतून मार्चमध्ये पाणी येतं, बादली इथे.
ह्या जिन्यावरून ओइवा पडला.
शेजारी भला आहे, पण पहाटे गवत कापतो.
शेवटी हात जोडले: माणसं यायची असली
की तुम्ही लायब्ररीत बसत जा.
ती बसायची.
कोट अंगातच ठेवून.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी माझी गाडी बर्फात रुतली.
पाऊण तास उशिरा पोचले तर
पाव नाहीत, तळलेल्या माशांचा वास घरभर,
आणि राइली घरात.
म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक म्हणजे लुर्देलिन. सेबू बेटावरची,
इथल्या इस्पितळात आठ वर्षं रात्रपाळ्या केलेली.
माझी जाहिरात तिनं घडी घालून खिशात ठेवली होती.
बादलीची जागा तिला आधीच कळली होती. जिनाही.
तुटक फिनिशमध्ये तिनं विचारलं,
"ह्या महिन्यात, ह्या घरात, ऊन कुठे येतं?"

मी तोंड उघडलं.
राइलीनं नुसत्या हातानं ते मिटवलं.
"तिसऱ्या पायरीवर. बाराला दहा कमी असताना.
वीस मिनिटं. ढग नसले तर."

अजून पंचवीस मिनिटं होती.
दोघी थांबल्या. मासे खाल्ले.
मी दारात, ओला कोट, वितळत.
मग कठड्यावर बोटभर उजेड आला,
खाली सरकला,
आणि लुर्देलिन तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली,
गुडघे जवळ घेऊन, डोळे मिटून,
बसस्टॉपवर पहाटे बसतात तशी.
कुणी काही बोललं नाही.
त्या घरात इतका वेळ गप्प
मी पहिल्यांदाच होते.

उठल्यावर तिनं विचारलं,
"बादली ठेवून जाणार ना?"
मग चार हजार कमी मागितले. राइलीनं दोन सोडले.
ओइवाच्या छपरापायी एक पैसा नाही, म्हणाली,
हे दोन माशांवर मीठ जास्त झालं त्याचे.

काल नवं घर मिळालं, टेकडीमागचं.
कागदावर सवयीनं लिहिलं, "उजळ."
खोडलं.
घरमालकाला विचारलं, डिसेंबरात ऊन कुठे येतं?
तो बराच वेळ खिडक्यांकडे बघत राहिला.
"एकतीस वर्षं राहतोय," म्हणाला,
"पण तेवढं बघायचं राहिलं."

म्हटलं, आधी बघून घ्या.
पाटी मग ठोकू.