सतरातून एक

मे महिन्यात स्युर्युक नदीचा बर्फ फुटतो
तेव्हा आधी आवाज येतो,
कुणीतरी दूरवर लोखंडी पलंग फरफटत नेतंय असा.
मग लाद्या येतात, दारांएवढ्या, भिंतींएवढ्या,
एकमेकींच्या पाठीवर चढत,
आणि काठ तासून काढतात
रंधा मारावा तसा.
त्या वर्षी माप्पाचा गोठा गेला.
गाय वाचली. खुंटा वाचला नाही.

मी जुलैत गेले.
गावाला बांध घालायचा होता
आणि सरकारी कागदावर एक रकाना रिकामा होता:
'उल्लेखनीय वनस्पती'.
त्यात 'नाही' लिहायला मला पाठवलं होतं.
रात्री अकराचं ऊन, तोंडावर डासांची जाळी,
दुगुयदानची होडी, त्याच्या बुटांना मासळीचा वास.

आणि तिथे,
जिथे बर्फाने काठ सोलला होता,
वाळुंजाचं एक खोडही उभं ठेवलं नव्हतं,
तिथे गोट्यांच्या फटीतून
वीतभर काहीतरी.

पान पालथं केलं. पांढरी लव,
तान्ह्याच्या कानावर असते तशी.
फूल नासक्या दुधाच्या रंगाचं,
ओठ एकाच बाजूला मुरडलेला.
मूळ खाली जातच नव्हतं, आडवं पळत होतं,
दगडामागून दगडाला वेढे घालत,
नावाडी दोर आवळतो तसं.
मी गुडघे टेकले. पुस्तक उघडलं.
मिटलं. पुन्हा उघडलं.

दुगुयदान म्हणाला, "हे? हे गाय तोंड लावत नाही ते."
"पण नाव काय?"
"तेच. गाय तोंड लावत नाही ते."

दोन दिवस दोन्ही थड्या पालथ्या घातल्या.
सतरा.
जिथे वाळुंज माजलं होतं, सावली होती,
पाण्याचा त्रास नव्हता,
तिथे एकही नाही.
नदी ज्या वर्षी काही मोडत नाही
त्या वर्षी हे गुदमरतं.

जगात नवं काही सापडलं
हे सिद्ध करायला त्यातलं एक लागतं,
मुळासकट.
मी सगळ्यात धडधाकट घेतलं नाही,
सगळ्यात मरतुकडंही नाही.
कसं निवडलं ते विचारू नका.
जुन्या वर्तमानपत्रात दाबलं,
एका बाजूला हॉकीचा निकाल,
दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर विकणे आहे.
चिठ्ठीवर लिहिलं: काठ, उतार, तारीख,
संग्राहक क्युन्नेय,
संख्या सतरा.
मग सतरा खोडून
सोळा.

शाळेत सभा झाली.
माप्पा पहिल्या बाकावर, गुडघे बाकात अडकलेले.
"म्हणजे पाणी यावं, असं तुझं म्हणणं?"
मी म्हणाले, बांध थोडा मागे घेता येईल,
दोनशे मीटर फक्त.
"त्या दोनशे मीटरांत माझं घर आहे."
फळ्यावर कुणा पोराचा अर्धवट भागाकार होता.
मी त्याच्याकडे बघत राहिले.

गावाने मला नावं ठेवली.
हिवाळ्यात मी झाडाला नाव ठेवलं,
लॅटिन, लांबलचक,
तिथे कुणालाच उच्चारता येणार नाही असं.
मलाही एका दमात येत नाही.
रकान्यात 'आहे' लिहिलं.
कागद अजून टेबलांवरून टेबलांवर फिरतोय,
बांध नाही, नकारही नाही.

पुन्हा मे. पहाटे फोन.
"आलं. शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत."
माणसं? आहेत. गुरं? आहेत.
माप्पा?
"छपरावर. शिव्या देतेय. तुलाही."
नंतर मी गप्प. पुढचं विचारवेना.
तोच म्हणाला,
"गेलो होतो तिकडे. नुसता गाळ आहे.
जुलैत ये."

कपाटात, लाल पाकिटात, ते एक आहे,
सुईदोऱ्याने कागदाला टाचलेलं.
लव पिवळी पडली. फुलाचा रंग गेला.
मुळाच्या वेढ्यात
वाटाण्याएवढा एक गोटा,
मी तो काढला नाही,
अजून धरून ठेवलेला.