नॅनकिव्हेलबाईंचं दार

कॉर्नवॉलच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोलमेरिक गावात
गल्ल्या अशा वाकड्या का, विचारलं
तर बाई म्हणाल्या, पळायला सोप्या जातात.
आता कुणी पळत नाही.
धक्क्यावर आइस्क्रीमची गाडी, तिच्यावर कवटी,
सुट्टीतली पोरं एका डोळ्यावर पट्टी बांधून
येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मोहरा मागतात.

खोली भाड्याची, चार रात्रींची.
नाश्त्याला मासा, आणि माशाबरोबर इतिहास:
गढीचा मालकच चाच्यांचा सावकार होता म्हणे,
चौकशीला आलेला अंमलदार त्याच्याच पंगतीला जेवायचा,
आणि खाडीत दारूची पिंपं उतरली
की पाद्री प्रवचन आखडतं घ्यायचा.
चोराच्या मनात चांदणं, म्हणतात आपल्याकडे.
इथे पौर्णिमेला बायका बाहेर येऊन
चंद्राला शिव्या द्यायच्या.

"तुमच्या किनाऱ्यावर होते का हो चाचे?"
होते, म्हटलं. तुमच्या दप्तरात.
आमच्या दप्तरात तेच सरखेल.
बाई हसल्या. चहा ओतताना थोडा बशीत सांडला.

पेट्रॉक नॅनकिव्हेल, बाईंचा खापरपणजा की त्याचाही आजा,
ओहोटीच्या रेषेवर फासावर गेला.
तीन भरत्या त्याच्यावरून जाऊ दिल्या.
चौथीच्या आधी बायकोने जाऊन बूट काढून आणले.
थोरल्याला ते घट्ट झाले, धाकट्याला सैल.
दोघंही दर्यावरच गेले.

स्वयंपाकघराचं दार मात्र अजून आहे.
कुठल्याशा गलबताच्या खोलीचं, ओकचं,
चौकटीत कधीच नीट न बसलेलं;
भरतीची वेळ त्याला कळते, तेव्हा ते फुगतं,
असं बाईंचं म्हणणं. मी वाद घातला नाही.
त्यावर सुरीने पाडलेल्या आडव्या खाचा:
टॅमसिन, जोरी, हेड्रा, पुन्हा एक जोरी,
घरातल्या पोरांच्या उंच्या.
सगळ्यात वरची बाईंच्या मुलाची.
तो ब्रिस्टलला विमा विकतो.

मी वाकून खालच्या खाचा पाहत होतो.
कमरेच्याही खाली तीन,
नाव नाही,
शेजारी एक बारीकसा मासा कोरलेला.
हे कोण?

बाईंनी टॉवेलला हात पुसले. बराच वेळ पुसले.
"त्या आमच्या नाहीत.
त्या दाराबरोबर आल्या."

तिसऱ्या खाचेच्या वर चार बोटं कोरी फळी,
मग टॅमसिन.