जगनाडे चौकातला बर्फ

दुपारी दोनला शटर अर्धं ओढलेलं.
बाहेर सेहेचाळीस. आत एकच कूलर,
तोही गिऱ्हाइकाचा, टेस्टिंगला लावलेला,
म्हणून आज नशीब.
सुखदेवभाऊ गवताच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपलेत
आणि मी दुकानाची साइट उघडून बसलेय.
सतरा अपडेट. लाल ठिपका.
गेल्या वर्षी अकरा होते,
तेही मी लाइटबिलासारखे खिळ्याला टोचून ठेवले होते.

मला बिलं करायला ठेवलं होतं.
मग ज्यानं साइट केली तो निलय गजभिये
हैदराबादला गेला, जाताना पासवर्ड
कॅश मेमोच्या पाठीवर लिहून दिला,
"काही नाही ताई, येऊन राहिलं तसं दाबत जा."

काही नाही म्हणे.
दाबायच्या आधी बॅकअप. हे कुणी शिकवलं नाही,
भाऊंकडे बघून कळलं: झाकण उघडायच्या आधी
प्लग काढायचा. दरवेळी.
हात चाळीस वर्षांचा असला तरी.

पहिली फोटो गॅलरी. झाली.
दुसरा चौकशीचा फॉर्म. फिरत राहिला, फिरत राहिला,
मग हिरवी टिक.
तीन तर नुसतेच पडलेले, कधीचे बंद करून,
पंपाशी जमलेल्या पांढऱ्या खारासारखे.
बंद आहे ते काय करणार, असं वाटतं.
आमच्या वाडीच्या गोडाऊनचं मागचं दार
आम्ही वापरतच नव्हतो.
चोरांनी वापरलं. बारा मोटारी गेल्या.
तिन्ही काढून टाकले. खात्री आहे का, विचारतं.
आहे.

मग चौदावा.
दाबला, आणि पान पांढरं झालं.
ना दुकान, ना फोन नंबर,
ना भाऊंचा तो टाय लावलेला फोटो.
ऐन सीझनचा मे आणि दुकान जागेवर नाही.
कूलरचं पाणी ठिबकत होतं, मी मोजत होते.
भाऊ झोपेतच, "काय करून राहिली वं?"
"काही नाही."

आता मीच मागच्या दारानं शिरले.
फाइलींच्या पेटीत एकेका फोल्डरचं नाव बदलत,
भाऊ जसे एकेक वायर सोडवून बघतात
फ्यूज कुणामुळे उडतो ते.
नववं नाव बदललं आणि दुकान परत आलं.
टाय आला. नंबर आला.
बर्फ तेवढा आला नाही.

हां, सांगायचं राहिलं.
आमच्या साइटवर बर्फ पडायचा.
बारीक, तिरपा, कूलरच्या फोटोंवरून, किमतींवरून,
"जुन्या ताट्या बदलून मिळतील" या ओळीवरून.
कळमन्याचा एक आडत्या फोनवर म्हणाला होता,
"कूलर राहू द्या, हे पाहूनच बरं वाटते."
सात वर्षं त्या बर्फाकडे कुणी पाहिलं नव्हतं.
बनवणाऱ्यानंही सोडून दिलेला.
आता दोघं एकत्र नांदेनात,
हा तरी, नाहीतर दुकान तरी.

काढा. खात्री आहे?
या वेळी जरा थांबले.

काढलं तरी सगळं जात नाही.
खाली तळाला तक्ते असतात, त्यात उरतं काहीबाही,
नवी ताटी बसवली तरी जुन्या गवताची काडी
जाळीत अडकून असते, तसं.
शोधलं. एक ओळ सापडली:
वेग, मंद. कण, साठ. महिने, चार पाच सहा.

एप्रिल, मे, जून.
मला वाटायचं, पोरानं नाताळचं काहीतरी
चिकटवलं आणि विसरला.
बाकीचे नऊ महिने आमची साइट उघडतं कोण?
मीसुद्धा नाही.

ती ओळ पुसायला हवी. अजून पुसलेली नाही.

भाऊ उठले, माठातलं पाणी तोंडावर मारलं,
ओल्या हातानं चष्मा लावून स्क्रीनमध्ये डोकावले.
"ते पांढरं पांढरं दिसून नाही राहिलं?"
जुनं झालं होतं, म्हटलं. काढलं.
"मंग नवीन टाक ना."
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं ऑटो घेऊन.
भाऊंनी कूलरचा प्लग काढला,
उरलेलं पाणी शटरबाहेर रस्त्यावर ओतलं,
ते नालीपर्यंत पोचलंच नाही.