गळती

मे महिना. सेहेचाळीस. पत्र्याच्या शेडखाली
पाना रुमालात धरावा लागतो.
कुलरचं तोंड मी गाडीकडे वळवलंय.
"गाडीले वारा, अन् आमी?" उत्पला आतून ओरडते,
मग तीच बाहेर येऊन बसते, पन्ह्याचा गंज घेऊन.
गाडी घोड्यांवर उभी आहे, चाकं काढलेली,
डॉक्टरकडे आणलेल्या पोट्ट्यासारखी
पाय लोंबकळत सोडून.

जपानी आहे. दोन हजार सहाची. टर्बो.
अमरावतीच्या एका कंत्राटदाराकडून घेतली.
"दरसाल बॅटरी खाते," तो म्हणाला, "ग्रहण आहे हिला."
चावी देताना त्यानं मागं वळून बघितलं नाही,
ते मला खटकलं होतं.

पुढचे शॉकअप तेल ओकत होते.
स्प्रिंग दाबायचं काम मी एकट्यानं करत नाही.
नईमउस्तादांच्या शटरला अजून ते भोक आहे,
एकदा सुटली होती त्या दिवसाचं.
स्प्रिंगला गरीब समजू नको, ते म्हणायचे,
ती फक्त थांबलेली असते.
म्हणून एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे,
आणि उत्पला मोजते. ती बँकेत कॅशियर आहे,
तिचा आकडा चुकत नाही.
बारा, बारा. तेरा. थांब, तिकडं बाराच झाले.

भिंतीवरून ढेंगेकाका:
"काहून बे, चांगली तर दिसते! काय उघडून राह्यला?"
बुश फाटलेत काका, म्हटलं.
"माये गुडघे फाटले, ते कोन पाहते?"

रात्री वायरिंग. चावी खिशात, दारं बंद,
आणि मीटर म्हणतो एकशे सत्तर मिलीअँपिअर.
कोणीतरी झोपेत पीत आहे.
एकेक फ्यूज उपटत गेलो.
सातव्याला आकडा धपकन पडला.

डॅशबोर्डखाली उताणा, टॉर्च दातात,
घाम कानात उतरतोय,
आणि बोटांना एक जोड लागला.
सोल्डर नाही. दोन तारा नुसत्या पिळलेल्या,
वर हिरवी टेप,
टेपचं टोक आत दुमडलेलं,
पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून.

ही घडी मी घालतो.

दाराचं रबर उचलून पाहिलं.
निळ्या रंगाखाली पांढरा.

एकोणीसचा होतो, मोटर स्टँडमागचं गॅरेज,
कोणाची तरी वरात दोन तासांवर,
पांढऱ्या गाडीत ॲम्प्लिफायर हवा होता.
चावीवरून घ्यायची तार
मी सरळ बॅटरीवरून घेतली.
"आजच्यापुरतं चालून जाईल," म्हणालो होतो.
शंभराची नोट मिळाली होती वर.
ॲम्प्लिफायर केव्हाच कोणी काढून नेला.
त्याचा रिले मात्र
कार्पेटखाली अजून चिकटून होता,
हातात घेतला तर कोमट,
इतकी वर्षं
कोणी नसलेल्या घराचं दार धरून.

लगेच काही बोललो नाही.
तार कापली. नवी जाड अर्थिंग टाकली,
इंजिनापासून बॉडीपर्यंत,
रंग खरवडून, पत्रा चकचकीत होईस्तोवर.
पुन्हा मीटर: अठरा.
"अठरा कमी की जास्त?" उत्पलानं विचारलं.
घड्याळापुरतं, म्हटलं. तेवढं चालते.
आणि रिले तिच्या तळहातावर ठेवला.
"हे काय?"
उधारी.

पहाटे पाचला काढली, मानेवाड्याहून रिंग रोडला.
आधी एका ब्रेकरवर तीनदा झुलायची,
होडी नुसती.
आता एकदाच, दणकन, आणि विषय संपला.
खड्डा खड्डाच वाटतो. खडी खडीच.
"पहिलेच बरी होती," उत्पला कंबर धरून म्हणते,
पण वळणावर गाडी ओळीत बसली
तेव्हा तिचा हात डॅशबोर्डवरून सुटला,
ते मी पाहिलं.

कंत्राटदाराचा नंबर काढला होता.
लावला नाही. काय सांगणार,
ग्रहण माझ्याकडूनच लागलं होतं म्हणून?

मागून डाव्या बाजूनं एक टक् अजून येतो.
बहुतेक लिंक रॉड.
रविवारी बघतो.